सॉलिसिटरला क्राऊन कोर्टात उभं कसं करायचं

ज्युनियर सॉलिसिटरला क्राऊन कोर्टासाठी तयार करायचं असेल तर पहिलं काम म्हणजे त्याच्या हातातला कागद काढून घेणं. गंमत नाही करत. आमच्या फर्ममध्ये क्रिमिनल डिफेन्सचं काम चालतं आणि बरीच वर्षं हे शिकवायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय, तर जे अनुभवातून कळलं ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतोय. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे, स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी.

ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे वकील म्हटला की तोच अशिलाला भेटतो, तोच कागद करतो आणि तोच उलटतपासणी घेतो. इथे दोन घराणी आहेत. सॉलिसिटर म्हणजे अशील, फाइल, पोलिस स्टेशन, रात्री दोनला येणारा फोन. बॅरिस्टर म्हणजे विग घालून उभं राहून बोलणारा. मॅजिस्ट्रेट कोर्टात, म्हणजे खालच्या कोर्टात, सॉलिसिटर पहिल्या दिवसापासून उभा राहू शकतो, पण क्राऊन कोर्टात ज्युरीसमोर बोलायचं असेल किंवा त्याच्याही वर जायचं असेल तर हायर राइट्स ऑफ ऑडियन्स, म्हणजे वरच्या कोर्टात उभं राहून बोलायचा अधिकार, लागतात. हे दार सॉलिसिटरांसाठी १९९० च्या कोर्ट्स अँड लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्टने उघडलं, आणि आज ही परवानगी एसआरए म्हणजे सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटी देते. क्रिमिनलची वेगळी, सिव्हिलची वेगळी, त्यामुळे खून-मारामारीवाल्याने सिव्हिलच्या नादाला लागायची गरज नाही.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. पुरावा, प्रोसिजर, एथिक्स यांचा अभ्यास आणि मग प्रॅक्टिकल, म्हणजे लेखी युक्तिवाद, जजसमोर अर्ज, साक्षीदार तपासणं, भाषण. नीट अभ्यास केलेला माणूस पास होतो. अडचण तिथूनच सुरू होते, कारण पास झाला की फर्मला वाटतं माणूस तयार झाला. २०१४ मध्ये सर बिल जेफ्री यांनी सरकारसाठी क्रिमिनल अ‍ॅडव्होकसीचा, म्हणजे कोर्टात उभं राहून केस मांडण्याच्या कामाचा, आढावा घेतला होता, त्यात त्यांनी दाखवून दिलं की बॅरिस्टरला कोर्टात जाण्याआधी सुमारे १२० दिवसांचं अ‍ॅडव्होकसीचं ट्रेनिंग मिळतं आणि सॉलिसिटर जेमतेम २२ तासांवरही तिथे पोचू शकतो. तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले होते, मी पण. पण आकडा खोटा नव्हता. हा फरक भरून काढायचं काम परीक्षा करत नाही, फर्ममधल्या कोणीतरी बसून करावं लागतं.

आता कागदाचं. सॉलिसिटर फाइलमध्ये वाढलेला असतो, सगळं लिहून ठेवायची सवय, प्रत्येक फोनची नोंद. तो ट्रायलसाठी बसला की साठ-सत्तर प्रश्न टाइप करतो, क्रमांक टाकतो, आणि कोर्टात उभा राहून ते वाचतो. साक्षीदार काय म्हणाला याकडे लक्षच नसतं कारण डोळे पुढच्या प्रश्नावर. मी स्वतः पहिल्या ट्रायलला हेच केलं. साक्षीदार मध्येच म्हणाला की मी तेव्हा फोनवर बोलत होतो, आणि मी मान हलवून सतराव्या प्रश्नावर गेलो. ओळख पटवायची केस होती! मागे बसलेल्या आमच्या क्लार्कने डोक्याला हात लावलेला मला नंतर कळलं.

म्हणून सरावात एकच नियम: एका पानावर मुद्दे, पूर्ण वाक्य एकही नाही. आणि सरावाचा साक्षीदार मी होतो, मध्येच काहीतरी सोडून देतो, 'मी चष्मा पुसत होतो', 'माझ्या बायकोने नंतर सांगितलं', असं. ज्युनियरने ते पकडलं तर पुढे जायचं, नाही पकडलं तर तिथेच थांबवून विचारायचं की आत्ता मी काय बोललो. पहिल्या आठवड्यात दहापैकी आठ वेळा सांगता येत नाही. लाज वाटते, वाटू द्या.

शिकवायची पद्धत

यात माझी मोठी चूक झाली होती. सुरुवातीला मी सगळं सांगायचो, आवाज बारीक आहे, प्रश्न लांब आहेत, हात खिशात आहे, जजकडे बघत नाहीस, दुसऱ्या प्रश्नात तारीख चुकली. एका मुलीला असे सहा मुद्दे सांगितले आणि ती पुढच्या वेळी आधीपेक्षा वाईट उभी राहिली, कारण बोलताना सहा गोष्टी आठवत होती. मग हॅम्पेल मेथड शिकलो. ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज हॅम्पेल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, इथल्या बॅरिस्टरांच्या ट्रेनिंगमध्ये हीच चालते, आणि सॉलिसिटरांनी ती बिनधास्त उचलावी.

पायऱ्या सहा आहेत. आधी एका वाक्यात मुद्दा सांगायचा, फक्त एक. मग तो नेमका काय बोलला ते शब्दशः वाचून दाखवायचं, म्हणजे ट्रेनरने ऐकताना लिहून घेतलंच पाहिजे, अंदाजपंचे चालत नाही. मग हे का चुकलं, मग कसं सुधारायचं, मग स्वतः उभं राहून करून दाखवायचं, आणि शेवटी त्याच्याकडून लगेच परत करून घ्यायचं. यातलं शब्दशः वाचून दाखवणं सगळ्यात भारी काम करतं. कोणाला सांगितलं की तुझे प्रश्न लांब होतात तर तो मान डोलावतो आणि विसरतो. त्याचाच प्रश्न त्यालाच वाचून दाखवला की तो हसायला लागतो. आणि करून दाखवण्याची पायरी ट्रेनरला घाम फोडते, सोफ्यावर बसून शहाणपणा सांगणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

उलटतपासणी

सगळ्यांना याचीच घाई असते, तर घ्या. आमच्याकडे सरावाची एक फाइल बनवलेली आहे, रात्री बस स्टॉपवर मारामारी, एक साक्षीदार म्हणतो मी याला ओळखलं. अशा केसला १९७७ चा टर्नबुलचा निकाल लागू होतो, आणि त्यातले मुद्दे लक्षात ठेवायला अ‍ॅडव्होकेट हा शब्द वापरतात, इंग्रजीत सी च्या जागी के घालून. किती वेळ बघितलं, किती अंतरावरून, उजेड कसा होता, मध्ये काही आड होतं का, आधीची ओळख होती का, लक्षात राहायला काही कारण होतं का, पोलिसांसमोर ओळखेपर्यंत किती दिवस गेले, आणि पहिल्या वर्णनात काय चुकलं.

नवा माणूस विचारतो: 'अंधार होता, तुम्ही रस्त्याच्या पलीकडे होता आणि मध्ये बस उभी होती, बरोबर?' साक्षीदार म्हणतो 'नाही'. आता हे नाही कशाला? अंधाराला की बसला? ज्युरीला कळलं नाही, जजला कळलं नाही, तुम्हालाही नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट. तुम्ही स्टॉपवर नव्हता. समोरच्या फुटपाथवर होता. मध्ये रस्ता. रस्त्यावर बस उभी होती. बस गेल्यावर तुम्हाला माणूस दिसला. प्रत्येकाला उत्तर हो, आणि प्रत्येक हो कागदावर आधीच आहे, त्याच्या जबाबात किंवा सीसीटीव्हीत. आणि इथे थांबायचं. 'मग तुम्ही ओळखलंत कसं?' हा प्रश्न सगळ्यांच्या जिभेवर येतो, तो गिळायचा. तो प्रश्न शेवटच्या भाषणात ज्युरीला विचारायचा, साक्षीदाराला नाही, कारण साक्षीदाराकडे उत्तर असतं.

पण थांबायचं म्हणजे आपली केस साक्षीदारासमोर मांडायचीच नाही असं नाही. अशिलाचं म्हणणं साक्षीदाराच्या विरुद्ध असेल तर ते त्याला सरळ सांगून उत्तर द्यायची संधी द्यावीच लागते, १८९३ च्या ब्राउन विरुद्ध डन पासूनचा नियम आहे. नवे लोक हे विसरतात, आणि मग आरोपी पिंजऱ्यातून येऊन काहीतरी नवीनच सांगतो आणि सरकारी वकील ज्युरीला म्हणतो हे आत्ताच शिजवलेलं दिसतंय. चूक वकिलाची, भोगतो अशील. मी प्रत्येक सरावाआधी तीन ओळी लिहून घेतो, या साक्षीदाराला काय काय सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही.

आता गंमत अशी की हे सगळं घोटून घेतलं की त्यातलं अर्धं विसरायला लावावं लागतं, कारण समोर लहान मूल किंवा व्हल्नरेबल, म्हणजे सहज दबावाखाली येईल असा, साक्षीदार आला की 'तू तिथे नव्हतास, हो ना?' हा प्रकार चालत नाही. शेपटीला हो ना लावलेला प्रश्न मुलं नुसतं मोठ्यांना बरं वाटावं म्हणून मान्य करतात. अशा केसमध्ये आधी ग्राउंड रूल्स हिअरिंग होतं, प्रश्न कसे असतील, किती वेळ, कुठे ब्रेक, हे जज ठरवतो, बऱ्याचदा प्रश्न लेखी मागतो. कधी कधी १९९९ च्या यूथ जस्टिस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या कलम २८ खाली उलटतपासणी ट्रायलच्या आधीच रेकॉर्ड होते. २०१४ च्या लुबेम्बा निकालात कोर्ट ऑफ अपीलने साफ सांगितलं की साक्षीदाराने वकिलाशी नाही, वकिलाने साक्षीदाराशी जुळवून घ्यायचं. अशा साक्षीदारांना प्रश्न कसे विचारायचे यावर अ‍ॅडव्होकेट्स गेटवे म्हणून टूलकिट आहेत, फुकट आहेत, वाचायला लावा. आणि असल्या केसला नवा माणूस एकटा पाठवू नका, कृपा करून.

सरतपासणी, जी कोणी शिकत नाही

सरतपासणी सोपी वाटते आणि तीच जास्त बिघडते. स्वतःच्या साक्षीदाराला वादाच्या मुद्द्यावर उत्तर सुचवणारा प्रश्न विचारता येत नाही, मग कोण, कुठे, केव्हा, काय झालं, पुढे काय झालं. सॉलिसिटरला इथे एक खास रोग असतो. त्याला फाइल जास्तच माहीत असते. त्याने अशिलाला पोलिस स्टेशनपासून सात वेळा भेटून ऐकलेलं असतं, त्यामुळे तो विचारतो 'आणि मग तुम्ही डॅरनच्या गाडीकडे गेलात तेव्हा?' आणि ज्युरी एकमेकांकडे बघते, कोण डॅरन? कुठली गाडी? ज्युरीला अजून कोणी सांगितलेलंच नाही.

यावर उपाय म्हणजे ऑफिसातल्या अशा माणसाला ज्युरी म्हणून बसवायचं ज्याला केस माहीत नाही, रिसेप्शनवरचा, अकाउंट्सवाली, कोणीही. त्यांनी एकच करायचं, कळलं नाही की हात वर. आमच्या अकाउंट्सवालीने मला ट्रेनिंगमध्ये जितकं शिकवलंय तितकं कुठल्या कोर्सने नाही.

अजून एक छोटी गोष्ट, वेग. साक्षीदार बोलत असताना जजच्या पेनाकडे बघ असं जुने लोक सांगायचे, आता बहुतेक जज टाइप करतात म्हणजे बोटांकडे बघायचं. बोटं थांबली की पुढचा प्रश्न.

कायदा किती पाठ पाहिजे

कलमं घोकून उपयोग नाही, पण काही दारं अशी आहेत की झोपेत उठवलं तरी सापडली पाहिजेत. १९८४ च्या पेसचं, म्हणजे पोलिस अँड क्रिमिनल एव्हिडन्स अ‍ॅक्टचं, कलम ७६ कबुलीजबाबासाठी आणि कलम ७८ अन्यायकारक पुराव्यासाठी. २००३ च्या क्रिमिनल जस्टिस अ‍ॅक्टचं कलम १०१, आरोपीची जुनी कुंडली ज्युरीसमोर येऊ शकते त्या सात वाटा, आणि कलम ११४ पासून पुढे ऐकीव पुरावा. १९८१ चा गॅलब्रेथ, म्हणजे सरकारी पक्षाचा पुरावा संपल्यावर केसच उभी राहत नाही हा अर्ज. गॅलब्रेथवर मी पाच मिनिटांचा सराव घेतो, ज्युरी बाहेर, मी जज, आणि दुसऱ्या मिनिटाला मी मध्येच विचारतो की हे ठरवणं ज्युरीचं काम नाही का? कारण खरा जज हेच विचारतो. पुरावाच नाही म्हणतोयस, की पुरावा आहे पण इतका कमजोर की कुठलीही ज्युरी त्यावर योग्य रीतीने दोषी ठरवू शकणार नाही म्हणतोयस, हे पहिल्या वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आणि क्राऊन कोर्ट कम्पेन्डियम वाचा. जज ज्युरीला काय सांगतात याचंच ते पुस्तक आहे, ऑनलाइन मिळतं. शेवटचं भाषण तिथून उलटं लिहायचं: जज ज्युरीला कुठले प्रश्न विचारणार ते आधी बघायचं, आणि भाषण त्या प्रश्नांवर करायचं. पुराव्याच्या पातळीबद्दल जज ज्युरीला आता 'खात्री' हा एकच शब्द देतात, तर तुम्ही पण तोच धरून बसा. आणि भाषणात 'मला वाटतं' नको. वकिलाला काय वाटतं याला कोर्टात किंमत नाही, उलट ते नियमात बसत नाही. 'तुम्हाला कदाचित असं वाटेल' हे चालतं. ही सवय तोंडातून जायला महिने लागतात.

कुठल्या पायऱ्यांनी चढवायचं

हायर राइट्स नसतानाही सॉलिसिटरला क्राऊन कोर्टात थोडी जागा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मॅजिस्ट्रेट कोर्टात केस तुम्ही किंवा तुमच्या फर्मने चालवली असेल तर तिथून क्राऊन कोर्टात गेलेलं अपील किंवा शिक्षेसाठी पाठवलेलं प्रकरण तुम्ही चालवू शकता. दोषसिद्धीविरुद्धचं अपील तर सोन्यासारखं आहे शिकायला, कारण पूर्ण केस नव्याने ऐकली जाते, खरे साक्षीदार, खरी उलटतपासणी, फक्त ज्युरी नाही, जज आणि सोबत साधारण दोन मॅजिस्ट्रेट. पण अशिलाला आधी सांगा की अपिलात शिक्षा वाढूही शकते, तुमच्या शिकण्यासाठी त्याला वर नेऊ नका. यूथ कोर्ट पण हलकं समजू नका, तिथे गंभीर केसेस असतात आणि हायर राइट्स लागत नाहीत.

हायर राइट्स मिळाले की पीटीपीएच, म्हणजे प्ली अँड ट्रायल प्रिपरेशन हिअरिंग. दहा-पंधरा मिनिटांचं काम वाटतं पण इथेच फजिती होते. जज विचारतो मुद्दा काय आहे केसमध्ये, आणि 'अशिलाकडून सूचना घेतोय' म्हटलं की भुवया वर. गुन्हा कबूल करायचा असेल तर शिक्षेतली सूट कशी उतरते ते अशिलाला आधी नीट समजावलेलं पाहिजे, पहिल्या टप्प्यावर एक तृतीयांश, नंतर जास्तीत जास्त एक चतुर्थांश, ट्रायलच्या पहिल्या दिवशी एक दशांश. पहिला टप्पा म्हणजे बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेट कोर्टातली पहिली तारीख, म्हणजे क्राऊन कोर्टात येईपर्यंत मोठी सूट गेलेली असते. मग शिक्षेची हिअरिंग्ज, गाइडलाइनच्या तक्त्यात आपली केस कुठे बसते ते सांगायचं, रडगाणं कमी. मग एक-दोन दिवसांची छोटी ट्रायल. या पायऱ्या सहा महिन्यांत होतील किंवा दोन वर्षांत, माणसावर आहे.

फर्मच्या मालकांना एक सांगायचंय. लीगल एडमध्ये, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या केसमध्ये, कोर्टात बोलणाऱ्या अ‍ॅडव्होकेटची फी वेगळी आणि फाइल सांभाळणाऱ्या लिटिगेटरची वेगळी, त्यामुळे दोन्ही घरात ठेवायचा मोह होतो. समजू शकतो, धंदा आहे. पण बॅरिस्टर जास्त योग्य असेल तर अशिलाला तसं सांगावंच लागतं, आणि कुवतीबाहेरची केस घेतली तर एसआरएचे नियम आडवे येतात.

सॉलिसिटरचा स्वतःचा एक खड्डा पण आहे जो बॅरिस्टरला सहसा नसतो. समजा पोलिस स्टेशनात तुम्हीच अशिलाला गप्प बस म्हणून सल्ला दिला. ट्रायलला त्याने बचाव मांडला की १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टच्या कलम ३४ खाली प्रश्न येतो, तेव्हाच का नाही सांगितलं? आणि उत्तर 'वकिलाने सांगितलं म्हणून' असेल तर तो सल्ला का दिला हे सांगायला कदाचित तुम्हालाच साक्षीला यावं लागेल. वकील आणि साक्षीदार एकाच केसमध्ये होता येत नाही. त्यामुळे ब्रीफ, म्हणजे कोर्टात उभं राहायचं काम, घरात ठेवायच्या आधी पोलिस स्टेशनला कोण गेलं होतं ते बघा.

पहिला दिवस

२००८ पासून सॉलिसिटर अ‍ॅडव्होकेटलाही विग घालता येतो, घालावा, नाहीतर ज्युरीला वाटतं याच्याकडे काहीतरी कमी आहे. विंग कॉलर आणि बँड्स (गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या) घरी आरशासमोर दोनदा लावून बघायचे, रोबिंग रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या कपडे बदलायच्या खोलीत, शिकायचे नाहीत. सर्किट जजला युअर ऑनर, ओल्ड बेलीला, म्हणजे लंडनच्या मध्यवर्ती क्रिमिनल कोर्टात, माय लॉर्ड किंवा माय लेडी, हायकोर्ट जजलाही तेच. चुकलं तर माफी मागून पुढे जायचं, जग बुडत नाही. बॅरिस्टरांच्या त्या खोलीत सुरुवातीला कोणी बोलत नाही असं वाटतं, पण सरकारी वकिलाला शोधून आधीच बोलून घ्यायचं, कुठल्या गोष्टी मान्य आहेत ते लिहून काढलं की अर्धे साक्षीदार कमी होतात.

पहिल्या ट्रायलला मी मागे बसतो पण चिठ्ठ्या पुढे पाठवत नाही, एकदा पाठवली तर तो दिवसभर मागेच बघत बसतो. आणि दोषी निकाल आला की खाली सेलमध्ये अशिलाला भेटायला त्यानेच जायचं. अपिलासाठी २८ दिवस आहेत, मुद्दा आहे की नाही याचं मत लेखी मिळेल, घरच्यांना काय निरोप द्यायचा, हे त्यानेच सांगायचं. मी दाराबाहेर उभा राहतो.